डोंग्यातली खुर्ची

मोहर्लीचं स्थळ भर पावसाळ्यात आलं, तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. पावसाळ्यात कोण पोरगी पाहायला निघतं? पण मुलगा जिप्सी चालवायचा, पर्यटकांना वाघ दाखवत हिंडवायचा, आणि पावसात जंगल बंद. तेवढीच त्याला सुट्टी. माझा मामा मधला माणूस. त्यानं फोनवर विचारलं, "धानाची रोवणी झाली का? मंग आनतो मी त्याईले येत्या आयतवारी." मायनं हो म्हटलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं आणि वर विचारणाऱ्याला चहा पाजला असता.

कारण मुलगा मी पाहिला होता. मामेबहिणीच्या लग्नात तो पंगतीत वाढायला होता. म्हाताऱ्या बायांपाशी बसून "बाई, घ्या नं अजून थोडी" म्हणायचा. माझ्या ताटात बुंदी वाढायला लागला आणि मी पुरे म्हणायची वाट पाहत थांबला. मी पुरे म्हटलंच नाही. बाजूच्या बायका हसायला लागल्या तेव्हा कुठं त्याचा हात थांबला. बस, एवढंच. एवढ्यावर मी महिनाभर हवेत होते. हसायचं तर हसा खुशाल.

आम्ही ढीवर, मासोळ्या धरणारे. गाव सावली तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात. गावचा तलाव आणि गावापुढची नदी, दोन्हीवर आमचं पोट. नदीला नाव आहे, पण गावात कोणी घेत नाही. मे महिन्यात तिच्यात म्हशी बसतात. बाहेरचा माणूस तेव्हा तिला नाला म्हणतो. म्हणू दे. श्रावणात येऊन म्हण म्हणावं. श्रावणात रपटा, म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल, बुडाला की गावाचा रस्ताच तुटायचा. मग पलीकडच्या शेतांवर जाणाऱ्या बाया, शाळेचे मास्तर, पोलिओचा डबा घेऊन येणारी नर्स, सगळ्यांना बाबा डोंग्यातून पार करायचे. सागाच्या फळ्यांचा, सपाट बुडाचा डोंगा होता. आदल्या वर्षी बाबांचा खांदा निखळला आणि रेटायचा बांबू माझ्या हाती आला. मी मागं उभी राहून डोंगा रेटायचे, बाबा पुढं बसून सांगायचे. नंतर नंतर ते सांगायचेही बंद झाले, नुसती बिडी ओढत बसायचे. मला त्याचा लई गर्व होता.

मायला नव्हता. "लग्नाची पोट्टी झाली अन् परकर वर खोसून दुनियेले पार करून राह्यली," असं ती येता-जाता ऐकवायची. मोहर्लीकडं तिनं कळवलं होतं की मुलगी शिलाई शिकलेली आहे. मी आयुष्यात एक उशीची खोळ शिवली होती, तीही तिरपी. "सोयऱ्याईसमोर डोंग्याचं नाव काढशीन त पाहाय," अशी तंबीच मिळाली होती मला.

आता नदीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोक पुराला भितात. भरल्या पुरात कोणी पाण्यात पायच घालत नाही, म्हणून तेव्हा सहसा कोणी मरत नाही. पूर उतरायला लागला की मरतात. पाणी कमरेइतकं दिसतं, ऊन पडलेलं असतं, आणि माणसाला वाटतं, हे काय, चाललो की मी. तेच पाणी खाली खडकांत माणसाचा पाय अडकवतं आणि वरून त्याला वाकवतं. म्हणून धारेत पडलं की उभं राहायचंच नाही. उताणं व्हायचं, पाय पुढं, आणि जाऊ द्यायचं.

आमच्या घाटावर वर एक डोह आहे, तिथं पाणी शांत. डोहाच्या खाली खडकांची रांग. त्यात दोन दगडांच्या मधून पाणी गुळगुळीत, बिनफेसाचं जातं, तेवढीच वाट. बाकी सगळीकडं पांढरा फेस, आणि फेसात बांबू टेकत नाही. आमच्या काठाला एक जांभूळ उन्मळून आडवं पडलेलं, अर्ध्या फांद्या धारेत. फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. त्याही खाली रपटा. बुडालेल्या रपट्याच्या मागं पाणी उलटं फिरतं, आणि एखादा ओंडका तिथं सापडला तर दिवसभर तिथंच गरगरत राहतो. तेव्हा जे काय करायचं ते डोहातच. काठाकाठानं डोंगा वर न्यायचा, तोंड वरच्या अंगाला तिरपं धरायचं आणि धारेलाच आपल्याला पलीकडं ढकलू द्यायचं. चुकून दगडाला लागलाच तर दगडाकडंच झुकायचं. घाबरलेला माणूस नेमका उलटं करतो, दगडापासून लांब झुकतो. मग धारेकडची कड बुडते आणि डोंगा पालथा.

आणि डोंग्यात बसायचं बुडावर. मास्तर असो की सरपंच, बूड ओलं झालंच पाहिजे. हा आमच्याकडचा कायदाच होता आणि तो बाबांचाच होता.

त्या आयतवारी मी मायची जांभळी साडी नेसून तयार होते. बाहेर आले तर बाबा डोंग्यात खुर्ची बांधत होते. लाल, प्लास्टिकची, हातांची. शेजाऱ्याकडून आणलेली. चारी पायांना सुतळी.

"बाबा, हे काय?"

"सोयरा हाय तो. त्याले काय मासोळ्याईच्या पान्यात बसवू?"

"उंच होते नं. उलटन."

"तू घरात जाय. आज डोंग्याचं नाव नाई घ्याचं म्हनलं नं तुले?"

त्यांचा खांदा अजून पुरता वर जात नव्हता. मला तेही म्हणायचं होतं. पण लग्नाच्या दिवशी जशी पोरगी मुकी असते तशी मी मुकीच राहिले. मनात म्हटलं, आज काही बोलायचं नाही, आज फक्त पोहे द्यायचे. मी घरात गेले, पण खिडकीतून घाट दिसत होता. अन् मला कसला धीर? मी मागच्या दारानं जाऊन चिंचेखाली उभी राहिले.

पहिल्या खेपेला मामा आणि मुलगा आले. खुर्ची रिकामी, दोघं बुडावर. छान आले. मुलगा उतरला, बाबांना हात दिला, पँटचं बूड ओलं झालं होतं ते त्यानं हसून झटकलं. मला इकडं झाडाखाली उगाच बरं वाटलं. दुसऱ्या खेपेला मुलाचे वडील. पांढरं शुभ्र धोतर, परीटघडीचं, टोपी, खांद्यावर शेला. बाबांनी त्यांना हात धरून खुर्चीत बसवलं. नदीच्या मधोमध तो माणूस असा बसला होता, जसा लग्नाच्या मांडवात नवरदेवाचा बाप बसतो. खरंच शोभत होता हो. आमच्या डोंग्यात इतकं मानानं कोणी बसलं नव्हतं.

तेवढ्यात मला पाण्यावर काड्या-कचरा दिसला. वरच्या अंगाला कुठंतरी पाऊस पडला होता आणि पाणी चढत होतं. बाबांनाही दिसलं, कारण त्यांनी घाईनं बांबू रोवला. खांद्यानं साथ दिली नाही. डोंग्याचं तोंड फिरलं, डोह सुटला आणि ते पहिल्या दगडाला लागले. नुसते लागले. बुडावर बसलेला माणूस असता तर काही झालं नसतं. पण खुर्चीतला माणूस दगड पाहून घाबरला आणि दुसरीकडं झुकला. एवढ्या उंचावरून झुकला, आणि डोंगा पालथा.

बाबा डोंग्याला धरून, रपट्याच्या अलीकडं काठ वळतो तिकडं, उथळ पाण्यात गेले. ते वाचणार हे मला दिसलं. सोयरा मात्र जांभळाच्या फांद्यांत गेला. शेला कुठं गेला कोण जाणे, पण धोतराचा सोगा फांदीत गुंतला आणि धार त्याला खाली दाबायला लागली. डोकं वर यायचं, पुन्हा खाली जायचं.

साडी नेसून त्या फांद्यांत गेले असते तर मीही तिथंच अडकले असते. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. मी घाटावर सगळ्यांसमोर साडी फेडली. परकर-पोलक्यावर. साडीचं एक टोक मामाच्या हातात कोंबलं, त्याच्या हातून ते मुलानं घेतलं, दुसरं टोक मी मनगटाला एक वेढा देऊन धरलं आणि खोडावरून सरकत गेले. मागं वळून पाहिलं तेव्हा मुलानं साडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि तोंड मात्र फिरवलं होतं. माझ्याकडं बघायचं नाही म्हणून. बाप तिकडं बुडत होता आणि हा माझी लाज राखत होता. तेवढ्यातही माझ्या मनात आलं, हाच.

सोयऱ्याची मान मी काखेत घेतली, तोंड पाण्याच्या वर आलं. धोतर सोडलं की सुटत होता. पण त्यानं कमरेपाशी धोतर दोन्ही मुठींनी आवळून धरलं होतं! नाकातोंडात पाणी जातंय, डोळे पांढरे झालेत, आणि माणूस माझ्याशी धोतरासाठी झोंबतोय.

"सोडा! धोतर सोडा!" मी ओरडले. तो मान हलवून नाही म्हणत होता. मग माझं डोकं फिरलं. "सोड नं बे! मरतं का धोतरापायी?"

बे म्हटलं मी. होणाऱ्या सासऱ्याला. सगळ्या घाटानं ऐकलं. तरी सोडेना, तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावले. चांगलं कडकडून. मूठ सुटली, मी गाठ ओढली, धोतर धारेबरोबर गेलं आणि आम्ही दोघं साडीला धरून खोडाकडं आलो. तिकडं काठाला लागलेले बाबा, एक हात लोंबकळत, पुन्हा पाण्यात उतरायला निघाले होते. मी त्यांच्यावरही ओरडले, "बाबा, थांबा तिथीच! तुमचं काम नाई हे!" तेही सगळ्या घाटानं ऐकलं.

काठावर आणल्यावर सोयऱ्यांनी ओकून पाणी काढलं, श्वास घेतला आणि डोळे उघडले. पट्ट्यापट्ट्याची, नाडीची चड्डी, वर ओला सदरा. तोवर घाटावर निम्मं गाव जमलं होतं. त्या माणसानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे झाकले. मग त्यांची नजर वर आली ती नेमकी माझ्यावर. मी परकरात, केस सुटलेले, दाताला त्यांचं रक्त. मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. नदीत मला भीती वाटली नव्हती, ती तिथं वाटली. मामानं बाबांची लुंगी आणून त्यांच्यावर टाकली आणि मी पळाले.

घरात पोहे तसेच राहिले. माय कपाळाला हात लावून बसली. "अव माय, काय केलं हे पोट्टीनं!" एवढंच सारखं म्हणत होती. थोड्या वेळानं मामा आला, तिला म्हणाला, "चाल, आता पोरगी दाखवून टाक." आणि स्वतःच हसत सुटला. "पाहाचं काय राह्यलं म्हना!" मायनं त्याला उलथनं फेकून मारलं. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हीचा राग येत होता. एक माणूस मेला नाही, यात कोणालाच काही बरं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

पाहुणे त्या दिवशी शाळेत राहिले. आमच्या घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी रपटा उघडा पडला, तेव्हा मुलाचे वडील बाबांची लुंगी नेसूनच गेले. जाताना मुलानं मामाच्या हातून साडी पाठवली. शाळेच्या ओट्यावर वाळवलेली, नीट घडी घातलेली. निरोप काही नाही. त्या घडीवर मी किती दिवस काढले ते मी सांगणार नाही. गावातल्या बाया नळावर मला चिडवायच्या, "काय वो, सासऱ्याले चाखून पाह्यलं, चवीले कसा हाय?" मी त्यांना अशा शिव्या द्यायचे की त्या खूश होऊन घरी जायच्या. पण आत मला खात्री वाटत होती. जीव वाचवला आहे मी, जीवाला कोण नाही म्हणेल?

पोळा गेला, गणपती गेले, मग मामा आला. ओसरीवर बाबांपाशी बसला. मी आत दाराआड तांदूळ निवडत होते. निवडत कुठली, तेच तांदूळ इकडून तिकडं करत होते.

"भाऊजी, त्याईनं नाई म्हनलं," मामा म्हणाला. "पोरीले एक शब्द वाईट नाई बोलले. हात जोडले त्याईनं. म्हने, जीव देल्ला तिनं मले. पोरगा त अजून रुसून हाय बापावर. पन ते म्हने, उद्या ती माह्या घरी पदर घेऊन भात वाढंन, अन् मले रोज तोच घाट दिसंन. माह्या गळ्याखाली घास नाई उतराचा. दुसरी कोनतीबी पोरगी आना म्हने, आंधळी आना, पन हे नाई."

माय भडकली. "अशी कशी लाज वो? मेला असता त राह्यली असती का लाज?" नेमकं माझ्या मनातलं बोलली. आयुष्यात पहिल्यांदा माय माझ्या बाजूनं बोलली आणि मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मला वाटलं आता बाबाही बोलतील. त्यांच्याच डोंग्यातून तो माणूस पडला होता, त्यांच्याच खुर्चीतून. ते म्हणतील, जा, सांग त्यांना.

बाबांनी बिडी ओसरीच्या कडेला विझवली. मग म्हणाले, "बरोबर हाय त्याईचं."

"काय बरोबर हाय?" माय किंचाळली.

"मले तरी कुठी जमून राह्यलं."

मी दाराआड तशीच बसले. आणि मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. घाटावर जाताना बाबा माझ्या पुढं निघून जायचे. मी वाढायला बसले की ते भूक नाही म्हणायचे आणि मी उठले की जेवायचे. मी समजत होते, खांदा दुखतो. मी त्यांना तेल गरम करून द्यायचे आणि ते वाटी घेऊन पाठ करायचे. इतक्या दिवसांत माझ्या बापानं माझ्या तोंडाकडं एकदाही पाहिलं नव्हतं, आणि मी मोहर्लीच्या निरोपाची वाट पाहत बसले होते. मला वरून खालपर्यंत लाज वाटली. स्थळ गेलं त्याची नाही. ज्याच्या हातून मी बांबू धरायला शिकले, त्याच्यावर सगळ्या घाटादेखत ओरडले होते, आणि ते मला लक्षातही राहिलं नव्हतं.

पुढं माझं लग्न गावातच झालं. नवरा चांगला आहे, पोहता येत नाही त्याला, बुडावर गपचूप बसतो. डोंगा मीच चालवते. आता वरच्या गावापाशी मोठा पूल झाला आहे, पण पायी फार फेरा पडतो, म्हणून शेतावरच्या बाया अजून माझ्याचकडं येतात. मास्तर येतात, नर्स येते, सरपंच येतो. बाबांचं धानाचं बांधीभर, एका तुकड्याचं शेत पलीकडंच आहे. रपटा बुडाला की रोज सकाळी ते काठी घेऊन घाटावरून निघतात. मी डोंगा काठाला लावून हाक मारते, "बाबा, या नं, सोडते." ते माझ्याकडं न बघता हात हलवतात, "ने तू लोकाईले," म्हणतात, आणि पावसात पुलाच्या वाटेला लागतात.